पट्टा नसलेला कुत्रा

रोज उठून लोकांना ‘करू नये’ सांगायचं काम ज्याच्या वाट्याला आलं, त्याला कंटाळा येतो का, हे कोणी विचारत नाही. येतो. पाटीबाईंना तर इतका आला होता, की घरी नवरा ‘आज मीठ जरा जास्त झालंय’ म्हणाला तरी त्यांच्या डोळ्यांपुढे ‘मीठ जास्त घालू नये’ अशी निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी उभी राहायची.

नगरपालिकेत त्यांचं खरं पद काहीतरी लांबलचक होतं, ते पगाराच्या कागदाखेरीज कुठे वाचायला मिळत नसे. पण गावातली एकूण एक पाटी त्यांच्या टेबलावरून जायची. गवतावर चालू नये, कट्ट्यावर बसू नये, नळ चालू ठेवू नये. लोक पाटी वाचत, आणि वाचून झाल्यावर गवतावरून चालत पुढे जात. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना पाटीबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तर फोन उचलून त्या स्वतःच ‘हां, पाटीबाई बोलतेय’ म्हणत.

कुत्र्यांचा नियम त्यांच्या गळ्यात पडला तो दुपारच्या जेवणानंतर, डोळ्यांवर झापड येण्याच्या वेळेला. बागेत कोणाच्या तरी दोन धिप्पाड कुत्र्यांनी एका वयस्कर बाईंना आडवं केलं होतं, आणि कुत्र्यांचे मालक बाकावर बसून फोनवर गप्पा हाणत होते. बाईंचा हात मोडला, गावात बोंबाबोंब झाली, बैठका झाल्या, आणि नियम निघाला. पाळलेलं कुत्रं बाहेर आणायचं तर पट्टा हातात धरून आणायचं. मोकळं दिसलं की नगरपालिकेची गाडी त्याला उचलून नेणार. मालकाने यायचं, दंड भरायचा, सोडवून न्यायचं. एका घराला एकच कुत्रं. सोडवायला कोणी आलं नाही तर रवानगी नदीपलीकडच्या मोठ्या निवाऱ्यात, आणि तिथून कुठलं कुत्रं परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. बेवारशी कुत्र्यांचं वेगळं. त्यांना उचलायचं, ऑपरेशन करायचं, लस टोचायची, खूण म्हणून कानाचं टोक कापायचं, आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. नियम खरं तर शहाणा होता. पाटीबाईंनी आजवर इतके वेडे नियम रंगवून घेतले होते, की हा वाचून त्यांना जरा बरंच वाटलं.

त्यांनी पाटी लिहिली: ‘पट्टा हातात न धरता बाहेर आणलेला पाळीव कुत्रा उचलून नेला जाईल.’

साहेबांनी ती वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “एवढं वाचून होईपर्यंत कुत्रा चावून घरी जाईल हो. लहान करा.” मग त्यांनी स्वतःच लाल पेन उचललं आणि शब्द उडवायला सुरुवात केली. ‘पाळीव’ गेला, ‘बाहेर आणलेला’ गेला.

“साहेब, ‘हातात’ तरी राहू द्या,” पाटीबाई म्हणाल्या.

“का? पट्टा काय लोक पायात धरतात?”

खोलीतले सगळे हसले. साहेब विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. पाटीबाईही हसल्या. मनात काहीतरी खुटखुटलं होतं, पण ते शोधून काढायचं तर पुन्हा बोला, पुन्हा समजावून सांगा, पुन्हा चार तोंडं हसलेली बघा. ‘जाऊ दे’ म्हणून त्यांनी कागद पुढे सरकवला. अलीकडे त्यांचं निम्मं आयुष्य ‘जाऊ दे’वर चाललं होतं.

गावभर पाट्या लागल्या: ‘पट्टा नसलेला कुत्रा उचलून नेला जाईल.’

पाटीबाईंचे वडील, अप्पा, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गल्लीत तळमजल्यावर एकटे राहत. जन्मभर त्यांनी बॅगा दुरुस्त केल्या. अडकलेल्या चेन, निखळलेल्या कड्या, उसवलेले बंद, सगळ्यांवर त्यांच्याकडे इलाज होता. पाटीबाईंची आई गेली आणि अप्पांनी शिवणाच्या मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. घराबाहेरही पडेनासे झाले. पाटीबाई फोनवर ‘जेवलात का’ विचारत, अप्पा ‘जेवलो’ म्हणत, आणि दोघांनाही ठाऊक असे की हे नुसतं बोलायचं म्हणून बोलणं आहे.

मग कुठून तरी एक कुत्रा येऊन पायरीखाली राहू लागला. विटक्या तपकिरी रंगाचा, मागच्या एका पायाने लंगडणारा, तरुणपण कधीच मागे टाकलेला. अप्पांनी त्याचं नाव भाडेकरू ठेवलं. “भाडं देत नाही आणि जागा सोडत नाही. दुसरं काय म्हणू?” सकाळ झाली की हा भाडेकरू दाराशी येऊन असा काही गळा काढायचा, की अप्पांना झक मारत चपला घालाव्या लागत. दोघं कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जात. एकाचा चहा आणि दुसऱ्याची बिस्किटं झाली की रमतगमत परत. वाटेत चार माणसं अप्पांशी बोलत, अप्पाही बोलत. ते घराबाहेर पडतात ते त्या लंगड्या कुत्र्यामुळे, हे पाटीबाईंना पक्कं माहीत होतं. आपल्याच्याने जे झालं नाही ते त्याने केलं, याची त्यांना लाजही वाटायची आणि हायसंही वाटायचं. तो कुत्रा नसला तर अप्पा पुन्हा त्या चादर घातलेल्या मशीनशेजारी बसून राहतील, ही धास्ती मात्र कायम होती.

पाट्या लागल्यावर थोड्याच दिवसांनी अप्पांचा फोन आला. त्यांनी आपणहून फोन करणं हेच मुळात नवल. त्यात मागे काहीतरी खडखडत होतं.

“कसला आवाज येतोय, अप्पा?”

“मशीन! तेल घातलं, पुसली, अजून झकास चालते. अगं, तुझी पाटी वाचली मी, टपरीसमोर लावलीय ती. लगेच कामाला लागलो. जुन्या बॅगांचे बंद घरात पडलेच होते. भाडेकरूला पहिला पट्टा शिवला. मग म्हटलं, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? भाडेकरू धरून गल्लीतल्या पाचही जणांना शिवले. बक्कल नाही लावलं हं, पोरं काढतात. गळ्यातच टाका घातलाय, दुहेरी. आता येऊ दे तुझी गाडी!”

मनात खुटखुटलं होतं ते काय, हे पाटीबाईंना आत्ता कळलं. आपल्या बोलण्यात गळ्यातला तोही पट्टा आणि हातातला तोही पट्टाच. साहेबांच्या डोळ्यांपुढे बागेतले मालक होते. पण गल्लीतला माणूस पाटी वाचणार ती पायरीखालच्या कुत्र्याकडे बघून, आणि गळ्यात पट्टा घातला की कुत्रं वाचलं, असंच समजणार. झालं होतं नेमकं उलटं. बिनपट्ट्याचं कुत्रं आठवड्याभरात आपल्या गल्लीत परत आलं असतं. पट्टा घातलेलं मोकळं कुत्रं म्हणजे कोणाचं तरी पाळलेलं, आणि मालक आला नाही की ते नदीपलीकडे.

“अप्पा, ऐका,” त्या म्हणाल्या.

“थांब, आधी माझं ऐक. मागच्या इमारतीतल्या बाई आल्या होत्या, त्यांच्या दारातल्या पिल्लाचं माप घेऊन. म्हणाल्या, काका, तुमच्या मुलीने बरं केलं हो, आधी सांगितलं तरी. नाहीतर ही माणसं न सांगता उचलतात.” आणि अप्पा हसले. आई गेल्यापासून हे हसू पाटीबाईंनी ऐकलं नव्हतं. “तू काय म्हणत होतीस?”

“काही नाही. छान केलंत.”

फोन ठेवून त्यांनी टेबलावरचा पुढचा कागद ओढला. उद्या सांगू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. उद्या जरा अंगात त्राण असेल.

पुढच्या काही दिवसांत गावातल्या कुत्र्यांचा थाट बघण्यासारखा झाला. एकाच्या गळ्यात ऑफिसचा टाय होता, तोही नीट गाठ मारलेला. एकाच्या गळ्यात कमरेचा पट्टा, इतका लांब की उरलेलं टोक जमिनीवर लोळे आणि त्याचं त्यालाच पायात येई. बँकेच्या दारातल्या काळ्या कुत्रीला कोणीतरी पडद्याची झालर बांधली होती. ज्यांना कुत्री आवडत नव्हती तेही दोरी बांधून मोकळे झाले होते, कारण आपल्या दारातलं आपलं, त्याला परक्याने का न्यावं?

पाटीबाई साहेबांकडे गेल्या. “पाटीत एक शब्द घालायला हवा. लोकांनी भलतंच घेतलंय.”

“रंग वाळलाय हो बाई,” साहेब म्हणाले. “आणि लोक काय, काहीही घेतात. पुढच्या वर्षी बघू.”

खाली आवारात कुत्र्यांची गाडी उभी होती. गाडीवरचे मुख्य दादा चाकाला टेकून हात धूत होते. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरलेले. कुत्री आवडणारे त्यांना कसाई म्हणत, न आवडणारे आळशी म्हणत, आणि दादा दोघांनाही ‘बरं’ म्हणत.

“मॅडम, अभिनंदन! गावात औषधाला एक बेवारशी कुत्रं उरलं नाही. सगळी खानदानी झालीत.” मग त्यांचा चेहरा पडला. “गंमत नाही हो. गळ्यात पट्टा दिसला की मला ऑपरेशनला नेता येत नाही. कोंडवाड्यातच टाकावं लागतं. कोंडवाडा भरलाय. मालक एकाचाही येत नाही, येणार कुठून? परवा पहिली खेप नदीपलीकडे गेली.”

“टपरीच्या गल्लीत कधी जाणार?” पाटीबाईंनी विचारलं.

“याच आठवड्यात.”

“जरा पुढे ढकलता आलं तर?”

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. “ढकलतो की. पण मॅडम, सगळेच म्हणतात आमची गल्ली पुढे ढकला. मग मी गाडी घेऊन जायचं कुठे?”

पाटीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी स्वतः जाऊन अप्पांना समोरासमोर सगळं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. फोनवर सांगण्यासारखं ते नाहीच, अशी मनाची समजूतही घातली. खरी गोष्ट एवढीच होती, की मशीनचा तो खडखडाट बंद पाडायचं काम त्यांना स्वतःच्या हातांनी करवत नव्हतं.

गाडी रविवारची वाट बघत थांबली नाही. पाटीबाई ऑफिसात नुकत्या येऊन बसतात न बसतात तोच अप्पांचा फोन आला. आवाज फाटलेला.

“अगं, नेतायत! पाचही नेतायत! मी पट्टा धरून दाखवला त्या माणसाला, म्हटलं आहे बघ, पट्टा आहे. तर म्हणतो, आहे म्हणूनच नेतोय. डोकं फिरलंय का यांचं? तू बोल त्याच्याशी. तुझीच पाटी आहे ना? सांग त्याला वाचायला!”

फोन दादांच्या हातात गेला. “मॅडम, हे तुमचे वडील? मला काय माहीत हो. मी विचारलं, काका, हा तुमचा का कुत्रा, तर म्हणतात, भाडेकरू आहे. आता भाडेकरूचं मी काय करू?”

पाटीबाईंनी रजा टाकली, अप्पांच्या घरी गेल्या आणि त्यांना घेऊन कोंडवाड्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. अप्पांनी शर्ट उलटा घातला होता, शिवण बाहेर. ते वाटभर दादांना शिव्या घालत होते, अडाणी, आंधळा, वाचता न येणारा. शेवटी पाटीबाईंना ऐकवेना.

“अप्पा, त्यांची चूक नाही. पाटीचा अर्थ तसा नव्हता. पट्टा म्हणजे हातात धरायचा पट्टा. माणसाच्या हातात. पट्टा नसता तर ऑपरेशन करून परत आणून सोडलं असतं त्यांना. पट्टा आहे म्हणून मालकाचे समजून नेले.”

अप्पांना ते कळायला थोडा वेळ लागला.

“म्हणजे मी शिवले म्हणून नेले?”

“मी नीट लिहिलं नाही म्हणून नेले.”

“कधी कळलं तुला हे?”

खोटं बोलता आलं असतं. “तुमचा फोन आला तेव्हाच.”

“मग?”

“तुम्ही हसत होतात, अप्पा. मला सांगवेना.”

अप्पा खिडकीबाहेर बघू लागले. बस एका थांब्यावर थांबली, माणसं चढली, उतरली, बस निघाली. ते बाहेर बघतच म्हणाले, “मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

पाटीबाईंनी त्यांचा उलटा शर्ट पाहिला होता, पण तेही सांगायचं धाडस त्यांना झालं नाही.

कोंडवाड्यावर रबरी बूट घातलेल्या एक बाई होत्या. दिवसभर भुंकण्यावर आवाज चढवून त्यांचा घसा कायमचा बसला होता. जाळीच्या पिंजऱ्यांची रांग, ओली फरशी, औषधाचा उग्र वास. टायवाला होता, पडद्याची झालर होती. शेवटच्या पिंजऱ्यात अप्पांचे पाच जण एकमेकांना चिकटून बसले होते. अप्पा दिसताच भाडेकरू लंगडत पुढे आला आणि त्याने जाळीला नाक लावलं.

“हा का तुमचा?” बाईंनी विचारलं. “सही करा, दंड भरा, घेऊन जा.”

“आणि हे चौघे?”

“एका घराला एक. बाकीच्यांचे मालक आले तर आले. नाहीतर उद्याच्या गाडीने पलीकडे.”

“पट्टे पाचही मीच शिवलेत,” अप्पा म्हणाले.

“मग?”

“मग काय? चौघांना मी अडकवलं आणि पाचव्याला घेऊन घरी जाऊ? तोंड कसं दाखवू? गल्लीला नाही हो, माझं मलाच.”

ते बाजूच्या पालथ्या बादलीवर बसले आणि तसेच बसून राहिले. त्यांच्या खांद्यांकडे बघून पाटीबाईंना भीती वाटली. आई गेली त्या दिवशी ते असेच बसले होते. उठायला लावल्याशिवाय ते उठले नव्हते.

“यांची नोंद झाली का?” पाटीबाईंनी बूटवाल्या बाईंना विचारलं.

“डॉक्टर आले की करतात. येतीलच एवढ्यात.”

“म्हणजे झाली नाही अजून. आणि नोंद होताना गळ्यात पट्टा नसला तर ते बेवारशी.”

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही नगरपालिकेतल्याच ना?”

“हो. ती पाटी माझीच आहे.”

“तुमची होय!” बाई म्हणाल्या. “मला एकदा बघायचंच होतं, कोण आहे ते.” त्यांनी कडी काढून दार किलकिलं केलं आणि दुसरी एक रिकामी बादली उचलली. “मी पाणी भरायला जाते. नळाला धार नाही. वेळ लागतो.”

पाटीबाईंनी आजवर दुसऱ्यांसाठी हजार नियम लिहिले होते आणि स्वतः एकही मोडला नव्हता, आळसाने म्हणा नाहीतर भीतीने म्हणा. त्या पिंजऱ्यात शिरल्या, फरशीवर गुडघे टेकले आणि पहिल्या कुत्रीचं डोकं कुशीत धरलं. अप्पा उठले, मागोमाग आत आले आणि त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली. ती त्यांच्या खिशात नसली असं पाटीबाईंना आठवत नव्हतं.

“सरळ कापून टाका ना.”

“कापू काय? खाली गळा आहे तिचा. हलली तर?” अप्पा कात्रीच्या टोकाने एकेक टाका उचलू लागले. “दुहेरी टाका. मलाच हौस. कोणी सांगितलं होतं?” त्यांची नजर पूर्वीसारखी राहिली नव्हती, आणि काम चांगलं केलेलं असल्यामुळे उसवता उसवत नव्हतं. स्वतःच्याच कारागिरीला ते तोंडातल्या तोंडात लाखोली वाहत होते. एक पट्टा सुटला, दुसरा सुटला. सुटलेले पट्टे ते खिशात कोंबत होते. भाडेकरू शेवटी. त्याचा पट्टा सर्वांत मजबूत शिवलेला होता.

तो सुटतो न सुटतो तोच डॉक्टर आले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शर्टाला रक्ताचा डाग, हातात पेन. मागे बूटवाल्या बाई भरलेली बादली घेऊन. अप्पा आणि पाटीबाई पिंजऱ्यातून बाहेर आले होते, पण कुत्रीही त्यांच्यामागे बाहेर आली होती. डॉक्टरांनी पाच कुत्र्यांच्या मानेवरची दबलेली केसांची रेघ पाहिली, आणि अप्पांच्या फुगलेल्या खिशाकडेही पाहिलं.

“आजोबा, तुम्ही कोण?”

“मी बॅगा शिवतो.”

“ही कुत्री कोणाची?”

“कोणाची नाहीत.”

“एकेकाचं सांगा. ही?”

“कोणाची नाही.”

“हा?”

“कोणाचा नाही.”

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी डॉक्टरांनी पेन भाडेकरूकडे केलं. भाडेकरू अप्पांच्या पायांशी आडवा झाला होता आणि त्याने हनुवटी त्यांच्या चपलेवर टेकवली होती. शेपटी फरशीवर आपटत होती.

“हा तर तुम्हाला ओळखतो.”

“बिस्किटं देतो मी,” अप्पा म्हणाले. “सगळ्यांनाच देतो.”

“मला खोटं लिहायला लावू नका, आजोबा. एक जरी तुमचा निघाला तर बाकीच्यांचंही मी मानणार नाही. हा कोणाचा?”

पाटीबाईंना वाटलं, आता हे ‘माझा’ म्हणतील. म्हणाले तर संपलं. न म्हणणं कसं शक्य आहे, तेही त्यांना कळेना. कुत्रा मान वर करून अप्पांकडे बघत होता, नेहमी सकाळी दारात बघत असेल तसा.

“कोणाचा नाही,” अप्पा म्हणाले, आणि त्यांनी पाय मागे घेतला. कुत्रा पुढे सरकला आणि त्याने पुन्हा चपलेवर हनुवटी ठेवली. अप्पांनी पुन्हा पाय मागे घेतला.

डॉक्टरांनी नोंद केली: पाच, बेवारशी.

घरी सोडताना पाटीबाई म्हणाल्या, “परत येतील, अप्पा. मी स्वतः गाडीबरोबर येईन.” अप्पांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

नंतरचे दिवस त्या रोज फोन करत होत्या. भाडेकरूचं वय झालेलं, भूल सोसेल की नाही याची डॉक्टरांना खात्री नव्हती, हेही त्यांनी अप्पांना सांगितलं. लपवायचं नाही, असं ठरवून सांगितलं. सोसली, हेही सांगितलं. आणि सोडायच्या आदल्या दिवशी गाडीवरच्या दादांकडून जे कळलं तेही सांगितलं.

“अप्पा, डॉक्टरांना संशय आहे. त्यांनी दादांना बजावलंय, गाडीतून उतरल्यावर कुत्री कोणाकडे धावतात बघ, आणि त्याने जवळ घेतलं तर पुन्हा उचलून आण. ओळख दाखवू नका. बोलू नका. हात लावू नका.”

“समजलं,” अप्पा म्हणाले. मागे मशीनचा आवाज येत नव्हता.

ठरल्या दिवशी पाटीबाई दादांच्या शेजारी बसून गल्लीत आल्या. अप्पा पायरीपाशी उभे होते, दाढी केलेली, शर्ट सुलटा. दादांनी मागचं दार उघडलं. चौघांनी उड्या मारल्या आणि कान झटकत चारी दिशांना पळाले. भाडेकरूला मात्र उचलून खाली ठेवावं लागलं. त्याच्या एका कानाचं टोक गेलं होतं. तो क्षणभर झोकांड्या खात उभा राहिला, मग त्याला अप्पा दिसले.

तो जमेल तितक्या वेगाने आला. अप्पांभोवती फिरला, त्यांच्या गुडघ्याला डोकं घासलं, तोंड वर करून केकाटला. अप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधून समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा कोरा होता, पण पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की पाटीबाईंनी नजर वळवली. दादांनी थोडा वेळ पाहिलं, नाक शिंकरलं, “बेवारशीच दिसतोय,” म्हणाले आणि गाडी सुरू केली. पाटीबाई मागे थांबल्या.

“गेली का गाडी?” अप्पांनी खांबाकडे बघतच विचारलं.

“गेली.”

“कोपऱ्यावरून वळली?”

“वळली, अप्पा.”

अप्पा हलले नाहीत. हात पाठीमागेच. कुत्रा आता त्यांच्या पायाशी बसून कुईकुई करत होता. पाटीबाईंना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्या जवळ गेल्या. “गेली गाडी. आता कोणी नाही इथे. घ्या त्याला जवळ.”

“तू आहेस ना,” अप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “तूही तिथलीच. तू पण जा आता.”

पाटीबाईंनी पर्स खांद्याला लावली आणि त्या निघाल्या. पाठीमागे अप्पा तसेच उभे असणार, हात बांधून, खांबाकडे बघत, हे न बघताही त्यांना कळत होतं. गल्ली लहानशीच होती, पण त्या दिवशी ती संपेना. आपण दिसेनासे होईपर्यंत त्या कुत्र्याला कोणी हात लावणार नाही, म्हणून त्या जमेल तितक्या भराभर चालत राहिल्या.